चाळीस घोड्यांची फळी

अताया, कर्केना बेट
२ ऑगस्ट १९९८

मोन्सेफ बाळा,

अल्लाची कृपा आहे. आम्ही सगळे उभे आहोत, माझे गुडघे सोडून.

हे पत्र उस्ताद खमैस लिहीत आहेत. तिसरीत त्यांनी तुझ्या हातावर छड्या मारल्या, आता माझ्या बोलण्यावर मारतात. मी एक म्हणते, ते शुद्ध लिहितात. म्हणून आधीच बजावलंय, मी बोलेन तसंच लिहायचं. नाहीतर हिवाळ्यात वाळवलेला ऑक्टोपस विसरायचा. (लिहितो आहे. — खमैस)

तुझी आई स्फॅक्सला तुझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली आहे. घरात मी आणि तुझा भाऊ लसाद, दोघंच. दोघं म्हणजे मी एकटीच, कारण लसाद घरात टिकतो कुठे? धक्क्यावर जातो, परत येतो, दारातूनच पुन्हा वळतो. बसला तर एक पाय हलत असतो. चहा निवेपर्यंत थांबत नाही, जीभ भाजून घेतो आणि शिव्या मात्र चहाला. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण अंगात मुंग्या भरल्यासारखा.

आता मुद्द्याचं. तुझ्या आजोबांची होडी वर, घरासमोरच्या वाळूवर ओढून ठेवली आहे. तिची मागची फळी सडली. माझा हेदी, तुझा आजोबा, ज्या फळीला पाठ लावून सुकाणू धरायचा, तीच. मी अंगठा दाबून पाहिला, शिळ्या पावात जावा तसा आत गेला. लसाद म्हणतो, नवी फळी बसवून तिला फायबरने मढवायची आणि वर मशीन टांगायचं. मशीन आणलंसुद्धा. चाळीस घोड्यांचं! अंगणात लिंबाखाली गोधडी पांघरून ठेवलंय, जसा काही पाहुणाच.

मी म्हटलं, "अरे, आपल्या समुद्रात पाणी कमरेएवढं. बांबूने ढकलली तरी होडी पाण्यात सोडलेल्या मडक्यांपाशी पोचते. ऑक्टोपस बिचारा मडक्यात बसून तुझी वाट बघतो, त्याला आणायला चाळीस घोडे कशाला?"

म्हणाला, "आजी, जग पुढे गेलं."

"गेलं तर जाऊ दे. आपल्याला कुठे त्याच्या पंगतीला बसायचंय?"

हसला नाही. हे मला आवडलं नाही. माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसतो.

तू तिकडे समुद्रापार, मार्सेयला, बोटींच्या कारखान्यात दिवसभर फायबरमध्येच असतोस. तेव्हा कसं करायचं ते नीट लिही. चुकीचं केलं तर फळी गळेल, आणि गळली तर तो पाणी मलाच उपसायला लावेल.

तुझी आजी
मन्नूबिया

◆

मार्सेय
१६ ऑगस्ट

आजी,

तुझ्या कपाळाचं चुंबन. पत्र वाचून मी पाळीच्या मधल्या सुट्टीत एकटाच हसत बसलो. उस्तादांना सलाम, आणि हात अजून दुखतो म्हणावं.

लसादला हे नीट वाचून दाखवा. सडलेलं लाकूड अर्धवट ठेवू नकोस. खणखणीत लाकूड लागेपर्यंत कापत जा, जीव हळहळला तरी. प्लायचे दोन जाड तुकडे एकमेकांना चिकटवून नवी फळी कर. फळी आणि होडीच्या कुशी मिळतात तिथे काटकोन ठेवायचा नाही. रेझिनमध्ये भुसा कालवून तो कोपरा अंगठ्याने गोल भरून घे, कारण काचेच्या कापडाला, म्हणजे फायबरला, तीक्ष्ण वळण सोसत नाही, तिथे ते उचलतं आणि आत पोकळी राहते. कापड फळीवरच थांबवू नकोस, दोन्ही कुशींवर वीतभर तरी चढव. मशीन फळीला ओढतं आणि फळी होडीला ओढते. सगळा भार त्या वीतभर कापडावर असतो. रेझिन आपल्या उन्हात पटकन घट्ट होतं, म्हणून सकाळी काम कर. रेझिन घट्ट करणारा हार्डनर थेंब मोजून घाल, आजीच्या मिठासारखा अंदाजाने नको.

सगळ्यात महत्त्वाचं, लाकूड कोरडं ठणठणीत हवं. घासलेलं, अ‍ॅसिटोनने पुसलेलं. तेल, वंगण, चरबी, हाताचा घामसुद्धा नको. लाकडात तेल असेल तर फायबर वरून कितीही छान दिसलं तरी धरत नाही.

मशीन आणलं हे बरंच झालं. आता त्याला लांब, खोल पाण्यात जाता येईल. तिथे मोठा मासा मिळतो. तू उगाच चिंता करतेस.

या उन्हाळ्यात सुट्टी मिळाली नाही. इथे काम जोरात आहे. बोटी अशा सुंदर होतात की बघत राहावं.

मोन्सेफ

◆

अताया
६ सप्टेंबर

मोन्सेफ,

तुझं पत्र उस्तादांनी तीनदा वाचलं. एकदा मला, एकदा लसादला आणि एकदा स्वतःच्या आनंदासाठी, कारण त्यात व्याकरणाच्या चार चुका सापडल्या. (पाच. — खमैस)

काम झालं. पहिला डबा वाया गेला. "थेंब मोजून" म्हटलं तरी लसादने धार धरली. डब्यातून धूर निघाला, रेझिन खदखदलं आणि दगड झालं. तो दगड मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय. तुझ्या फायबरचा तेवढा तरी उपयोग.

दुसऱ्यांदा मात्र मन लावून केलं. नवी फळी बसवली, कोपरे अंगठ्याने गोल केले. सांजेला अ‍ॅसिटोनने पुसून ठेवली. त्याचा वास असा की शेजारची मांजर दोन दिवस फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाचे तीन थर दिले. मी ओट्यावर बसून बघत होते. कापड आधी पांढरं असतं, रेझिन प्यायलं की त्यातून लाकूड दिसायला लागतं, भिजलेल्या सदऱ्यातून पाठ दिसावी तसं. बुडबुडा दिसला की लसाद ब्रशने ठोकून बाहेर हाकलायचा. त्या सकाळी चार तास त्याचा पाय हलला नाही. मी मोजलं.

मीही माझं काम केलं. घरातल्या वडील बाईने करायचं असतं ते.

आता तू म्हणशील आजी चिंता करते. ऐक. लसादने प्लास्टिकचे पाच कॅन आणलेत, वीस-वीस लिटरचे. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाला, "पेट्रोलला." ऑक्टोपस इतका तहानलेला असतो हे मला पासष्ट वर्षांत कळलं नव्हतं. धक्क्यावर काही पोरं त्याच्याशी हळू बोलतात आणि मी आले की हवामानावर बोलायला लागतात. त्यातला एक तर गवंडी आहे, त्याला वाऱ्याशी काय करायचंय?

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचे दोघे भाऊ रातोरात, कागदपत्रांशिवाय, होडीने पलीकडच्या देशात गेले, लाम्पेदूसा बेटावर. त्यांच्या आईकडे मी कुसकुस शिजवून घेऊन गेले होते. तिने भांडं घेतलं आणि दार लावून घेतलं.

तू त्याचा मोठा भाऊ आहेस. तुला काही लिहिलंय का त्याने?

मन्नूबिया

◆

मार्सेय
१७ सप्टेंबर

आजी,

लिहिलंय. जुलैमध्ये. विचारलं होतं, चाळीसचं मशीन शंभर लिटरवर किती लांब जातं, माणसं भरलेली असली तर किती, आणि समुद्र जरा उसळलेला असला तर किती. मला वाटलं खोल पाण्यातल्या मासेमारीचं विचारतोय. मी मोठ्या दिमाखात हिशेब करून पाठवला. वर लिहिलं, दहा लिटर राखून ठेव.

काल तुझं पत्र वाचलं आणि तो हिशेब डोक्यात पुन्हा मांडला. बरोबर लाम्पेदूसापर्यंत पोचतो. दहा लिटर उरतात.

आजी, मी त्याला येऊ नकोस असं कोणत्या तोंडाने सांगू? मी स्वतः इथे बसलोय. तो म्हणेल, तू वर चढलास आणि शिडी काढून घेतोस.

निदान फळी तरी पक्की आहे ना ते बघ. नाण्याने सगळीकडे ठोकून बघ. भरीव आवाज आला तर चिकटलंय. पोकळ, ढोलासारखा आला तर आत सुटलंय. तो जाणारच असेल तर होडी तरी खरी असू दे.

मोन्सेफ

◆

अताया
३० सप्टेंबर

मोन्सेफ,

आज उस्तादांकडून कुराणावर हात ठेवून वचन घेतलंय. हे पत्र त्यांच्या हातातून थेट पोस्टात जाईल. (जाईल. — खमैस)

लसाद स्फॅक्सला गेला तेव्हा मी लाकडी कालथा घेऊन होडीपाशी गेले. नाणं बोटांत धरवत नाही आता. डाव्या कुशीपासून ठोकत आले. टण, टण, टण. फळीवर आले आणि आवाज बदलला. ढप. उजवीकडे सरकले. ढप, ढप. मधोमध, जिथे मशीन टांगायचं तिथे तर भोपळ्यावर मारल्यासारखं.

मी काय केलं ते आता सांगते. तू हसू नकोस, आणि रडूही नकोस.

या घरात नवं लाकूड लागलं की घरातली वडील बाई पहाटे, कोणाशी न बोलता, त्याला आपल्या ऑलिव्हच्या झाडाचं तेल लावते. माझ्या सासूने या होडीला लावलं, दाराच्या चौकटीला लावलं, तुझ्या पाळण्याला मी लावलं. अॅसिटोनने पुसून ठेवलेल्या फळीला त्या पहाटे मी दोन्ही हातांनी तेल चोळलं. लाकूड असं प्यायलं की उन्हं यायच्या आत कोरडं दिसायला लागलं. मग लसादने वर कापड चढवलं.

तू लिहिलं होतंस तेल नको. मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, ते तुझ्या कारखान्यातल्या तेलाबद्दल असेल. काळ्या, घाणेरड्या. आपलं तेल कधी कोणाला बाधतं का? जन्मलेल्या पोराला लावतो, मेलेल्याला लावतो. ते तेल म्हणजे बरकत. बरकतीमुळे काही सुटतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं असतं.

कालथा हातात घेऊन मी तिथेच वाळूवर बसले. आणि खरं सांगू? आधी जीव चरकला, आणि मग, अल्ला माफ करो, बरं वाटलं. म्हटलं, चला. फळीच धरत नाही तर मशीन कुठे टांगणार? मशीन नाही तर जाणार कुठे? मी काही केलं नाही, तेलाने केलं.

लसाद संध्याकाळी आला. फळीवर हात फिरवून म्हणाला, "बघ आजी, आरशासारखी झालीय." मी म्हटलं, "हो, छान झालीय." आणि आत गेले.

पंधरा दिवसांनी, वारा फिरायच्या आत, ते जाणार आहेत. शुक्रवारी. हे मला गवंड्याच्या आईने सांगितलं.

मशीन चढवल्यावर धक्क्यापाशीच फळी सुटेल ना? तिथे पाणी कमरेएवढंच आहे. भिजतील, चिडतील आणि घरी येतील. तू म्हणशील तर मी गप्प बसते. मला गप्प बसायला फार आवडेल, आयुष्यात पहिल्यांदाच.

मन्नूबिया

◆

तार
मार्सेय, १० ऑक्टोबर

तेल लागलेलं फायबर धक्क्यापाशी टिकतं भर समुद्रात सुटतं. मशीन लावू देऊ नकोस. लसादला आजच सांग. मोन्सेफ.

◆

अताया
२२ ऑक्टोबर

मोन्सेफ,

तू विचारशील सांगितलं का. मी नाही सांगितलं. तू सांगितलंस.

तार आली तेव्हा पोस्टमन दारात होता, उस्ताद ओट्यावर होते आणि लसाद लिंबाखाली मशीनला नवं तेल घालत होता. उस्तादांनी हात पुढे केला. मला ठाऊक होतं तारेत काय असणार. उत्तराची वाट बघत दहा दिवस मला झोप नव्हती. मी तार उस्तादांना दिली नाही. लसादपाशी गेले आणि म्हटलं, "वाच. मला कुठे येतं?"

त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि "आजच" या शब्दापाशी आवाज खाली गेला.

"कसलं तेल, आजी?"

मी दोन्ही तळवे पुढे केले. दुसरं काय करणार?

तो उठला. पटाशी घेतली, होडीपाशी गेला, कापडाच्या कडेला पटाशीचं टोक लावून जरा उचललं. मोन्सेफ, अख्खं कापड एका ओढीत सुटून आलं! संत्र्याची साल निघते तसं. जरासुद्धा लाकूड घेऊन आलं नाही. ते त्याने उलटं करून उन्हात धरलं. आतल्या बाजूला माझे हात होते. दहा बोटांचे पट्टे, चकचकीत, वरून खाली आलेले. मी तेल चोळलं तसेच. आपण पासष्ट वर्षांत कुठे सही केली नाही, पण ही सही मात्र कोणीही ओळखली असती.

लसादने एका पट्ट्यावर आपलं बोट ठेवलं. मग म्हणाला, "सात जण जाणार होतो. एकाची बायको पाचव्या महिन्यात आहे."

मी म्हटलं, "मी तेल बुडवायला नाही लावलं रे. कालथ्याने ठोकलं, ढप आवाज आला, तेव्हा कुठे कळलं."

"ते कळतं. पण आवाज कळल्यावर गप्प का बसलीस?"

"तुला थांबवायला."

"समुद्राला हा फरक कळला असता का?"

मी उस्तादांकडे पाहिलं. एरवी सगळ्याचं उत्तर तयार ठेवणारे ते चष्म्याची काच पुसत बसले. (काच खरंच धुरकट होती. — खमैस)

शुक्रवार येऊन गेला. त्या सातांतले दोघे दुसऱ्या कोणाच्या होडीने गेले. पोचले म्हणतात. त्यांचा फोन आला त्या दिवशी लसाद धक्क्यावरून घरी आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. बारा फेऱ्या. माझ्याशी एक शब्द नाही. भाकरी ठेवली तर खातो, पण भाकरीशी बोलावं तसंही बोलत नाही.

सुटलेलं कापड फेकायचं म्हटलं तर फेकू देत नाही. खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, हात बाहेरच्या बाजूला करून. झोपताना ते त्याला दिसतात, आणि दार उघडं असलं की मला दिसतात.

तू काहीतरी लिही. मला नको, त्याला.

मन्नूबिया

◆

मार्सेय
३ नोव्हेंबर

लसाद,

हे तू स्वतः वाच. आजीला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मी बोटी बांधत नाही. पाच वर्षं मी लिहितोय की बांधतो. मी घासतो. दुसऱ्यांनी बनवलेलं फायबर दिवसभर घासतो, तोंडाला फडकं बांधून. काचेची धूळ बाहीत जाते, मानेवर जाते, उशीवरही येते. सकाळी अंगाला आग सुटलेली असते. सुंदर बोटी होतात हे खरं. त्यातल्या एकीतही मी बसलेलो नाही. फळीला कापड कसं चढवायचं हे मी शेजारच्या कामगाराकडे बघून शिकलो. आजवर ते कोणी मला करू दिलं नाही. तुझ्या हातून झालेली फळी ही माझी पहिली फळी.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही, आणि ये असंही म्हणत नाही. तुला खोटं कळवलं होतं, तेवढं दुरुस्त करतोय.

तेल प्यायलेली फळी घासून साफ होणार नाही. ती काढून टाक. नवी घाल. आजीला म्हणावं, दूर बस.

मोन्सेफ

◆

अताया
२१ नोव्हेंबर

मोन्सेफ,

अक्षर ओळखलंस का? उस्ताद स्फॅक्सला मोतीबिंदू काढायला गेलेत. जाताना म्हणाले, "माझ्या मागे भाषेची वाट लावू नका." म्हणून लसाद लिहितोय. मी त्याला म्हटलं, "चार आठवडे बोलला नाहीस, आता निदान मी बोलते ते लिही." कागद घेऊन बसलाय. पाय हलतोय.

नवी फळी झाली. जुनी त्याने करवतीने कापून काढली, मी तिचं खुराड्याला छप्पर घातलं. बरकतीचं लाकूड, कोंबड्या दुप्पट अंडी घालतायत. (एकच जास्त. — लसाद) बघ, हाही कंसात बोलायला लागला. ही कागदाचीच खोड दिसते.

या वेळी मी तीन दिवस होडीच्या दहा पावलं जवळ गेले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले, सवयीने तेलाची बाटली घेतली, अंगणात गेले. हा होडीपाशी उभाच होता. म्हणाला, "आजी, तिथेच." मी थांबले. हा आला, माझा हात धरून होडीच्या पुढच्या टोकाकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "इथे लाव. इथे फायबर नाही." मी लावलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कापड वाळल्यावर कालथ्याने ठोकलं. मी नाही, यानेच. मला ओट्यावर बसवून. "ऐक," म्हणाला. डावीकडून उजवीकडे, वर, खाली, मधोमध. टण, टण, टण. कुठेही ढप नाही.

काल मडकी घालायला गेला. मशीन लावून. आवाज ऐकून सगळ्या गावाला कळलं की ऑक्टोपसला आणायला चाळीस घोडे निघाले. अकरा मिळाले. चार दोरीवर वाळत घातलेत, त्यातला मोठा उस्तादांचा. परतल्यावर याने चहा निवू दिला आणि मग प्यायला. मी दुसरा पेला भरला.

तुझं पत्र याने मला वाचून दाखवलं. सगळं. तू घासतोस तर घास, बाळा, घासणं वाईट नाही. फक्त उशीचं कापड रोज झटकत जा. आणि मला खोटं लिहायचंच असेल तर मजेदार लिही.

लिही लसाद: तुझा भाऊ आता इथेच राहणार आहे.

(मोन्सेफ, हे तिने सांगितलं म्हणून लिहिलं. मी असं म्हणालो नाही. मडक्यांचा हंगाम संपेपर्यंत राहतो, एवढंच म्हणालो. पुढचं मला ठाऊक नाही. कॅन अजून अंगणात आहेत. फळी पक्की आहे, हे आता आम्हा दोघांनाही कळतं, आणि म्हणूनच ती झोपत नाही. निघालोच तर या वेळी तिला सांगून निघेन, एवढा शब्द मी तिला दिलेला नाही, पण तुला देतो. — ल.)

मोन्सेफ, मी पुन्हा बोलतेय. माझं बोलणं थांबलं तरी लेखणी चालूच होती. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं. चांगल्या सहा-सात ओळी झाल्या. मी विचारलं, "काय लिहिलंस?" म्हणतो, "सलाम लिहिला." एवढा लांब सलाम आपल्याकडे फक्त मौलवी करतात.

त्याने काय लिहिलंय ते मला कळवू नकोस. मी त्याच्या होडीला एकदा झाकून तेल लावलं. त्याला माझ्या पत्राला लावू दे.

लिही लसाद. सगळं लिही, हेसुद्धा: लिहीत असताना त्याचा पाय हलत नव्हता.

तुझी आजी
मन्नूबिया